बांधणारा स्वतः झोपला कुठे? (आश्रम, धर्मशाळा आणि त्यांच्या इमारती)

ओसरी

आश्रमांवर लिहिलेलं बहुतेक एकाच साच्यातलं असतं. महाराजांचं चरित्र, दोन-चार प्रचिती, मग 'निसर्गरम्य परिसर' आणि 'भव्य सभामंडप'. एसटी कुठून मिळते ते खाली. वास्तूकडे वास्तू म्हणून बघितलेलं क्वचितच सापडतं. म्हणून हा धागा.

कुठल्याही आश्रमात गेले की मी दोनच गोष्टी विचारते. इथे आधी काय बांधलं? आणि बांधणारा स्वतः झोपायचा कुठे? सेवाभाव, त्याग वगैरे शब्द भिंतीवर रंगवता येतात, या दोन प्रश्नांची उत्तरं रंगवता येत नाहीत.

गाडगेबाबांचं घ्या. १९०५ साली घर सोडलं, १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ देह ठेवला. मधल्या पन्नास वर्षांत पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मठ नाही, गादी नाही. धर्मशाळा बांधून झाली तरी बाबांचा मुक्काम बाहेर, झोपडीत नाहीतर झाडाखाली. घरच्या माणसांचा या संस्थांवर काडीचा हक्क नाही, हेही त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं.

त्यातली मला सगळ्यात मोठी वाटते ती पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना वारीत पंढरपूरला पोहोचल्यावर पाठ टेकायला जागा नव्हती. देऊळ तर बंदच होतं. ते १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. ही धर्मशाळा त्याच्या पाव शतक आधीपासून उभी होती. देवळाचं दार उघडायची वाट न बघता बाबांनी आधी निवाऱ्याची सोय केली. आणि १९४९ मध्ये ती वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बांधायची, चालवायची आणि योग्य हात दिसले की देऊनही टाकायची. हे शेवटचं किती जणांना जमतं?

तुमच्या पाहण्यातल्या वास्तूंना हे दोन प्रश्न लावून बघा. चमत्कार नकोत, बांधकाम सांगा.

वऱ्हाडी ठेचा

प्रश्न झ्याक आहे. सेवाग्रामला लावून बघतो, माझं गाव तिथून जवळच.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावला आले. हे वर्ध्याजवळचं शेगाव, गजानन महाराजांचं नव्हे. पत्रं इकडची तिकडे जायला लागली म्हणून १९४० मध्ये गावाचं सेवाग्राम झालं. सगळ्यात आधी उभं राहिलं ते आदी निवास. गावातलंच सामान, गावातलेच हात. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, म्हणजे कौलं. त्या एका छपराखाली गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल, खान अब्दुल गफार खान आणि येणारे-जाणारे सगळे. आमचे तुकडोजी महाराजही १९३६ च्या पावसाळ्यात तिथेच राहून गेले. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, बांधणारा सगळ्यांच्यात झोपला. पण त्याचा जाच झाला बायकोला. त्या गर्दीत कस्तुरबांना आडोसा म्हणून नव्हता. शेवटी गांधीजींचे वर्ध्याचे उद्योगपती स्नेही जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी बा कुटी बांधून घेतली. त्यागाचा हिशेब मांडताना हेही एका रकान्यात लिहा.

आता गंमत ऐका. आपण जिला बापू कुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची, म्हणजे गांधीजींच्या इंग्रज शिष्येची झोपडी. आतल्या भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं, चरखा आणि ॐ ही तिच्या हातची. पुढे वाढवून गांधीजी तिथे राहायला गेले. आणि १९४६ च्या ऑगस्टमध्ये सेवाग्राम सोडण्याआधी ज्या आखरी निवासात ते होते, ते घर मूळ जमनालालजींसाठी बांधलेलं. म्हणजे दोन्ही वेळा बुवा दुसऱ्याच्याच घरात.

बापू कुटीत गेलात तर नुसतं 'किती साधं' म्हणून बाहेर पडू नका, जरा खाली बसा. सगळी मांडणी बसलेल्या माणसाच्या उंचीची आहे. जमिनीवर गादी, समोर बुटकं मेज. आजाऱ्यासाठी आतच वेगळी जागा काढलेली. साप पकडून लांब सोडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा अजून ठेवलाय. मातीच्या घरात पावसाळ्यात साप निघतोच, त्याला मारायचं नाही हे ठरलेलं, मग त्याचीही सोय पाहिजे ना!

आणि परचुरे कुटी चुकवू नका. परचुरे शास्त्री मोठे संस्कृत पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली ओळख. त्यांना महारोग झाला आणि ते सेवाग्रामला आले. त्या काळात महारोग्याला गावाच्या वेशीबाहेर घालवत. इथे त्यांची झोपडी आश्रमाच्या आवारातच, बापू कुटीपासून हाकेच्या अंतरावर. गांधीजी रोज जाऊन त्यांच्या अंगाला मालिश करायचे. आश्रमाचा नकाशा काढला तर ही छोटी झोपडी कुठे दाखवायची यावरच सगळं आहे.

शिस्तप्रिय

दोन्ही प्रतिसाद वाचले. माफ करा, पण हे सगळं झोपडीचं कौतुक आहे. शंभर माणसांच्या वस्तीत कुणीही साधं राहील. लाखो लोक येतात तिथे काय करायचं?

गजानन महाराजांच्या शेगावचं उदाहरण देतो. तिथे मोठमोठी भक्तनिवासं आहेत, सिमेंटची, मजल्यावर मजले. ओसरीताईंच्या मापाने ती नापास व्हायची. पण पहाटे उतरलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला माफक दरात स्वच्छ खोली मिळते. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी उत्तर 'माउली' म्हणूनच देतात, पगार घेत नाहीत, आणि सेवेची पाळी मिळावी म्हणून लोक थांबून राहतात. महाराष्ट्रात देवस्थानाचं संडास स्वच्छ असू शकतं हे पहिल्यांदा अनेकांना शेगावात कळलं. ही सेवा नाही का? की सेवेला मातीच्याच भिंती लागतात?

कटिंग_चहा

शेगावबद्दल +१. तिथला झाडू कधी थांबलेला बघितलेला नाही.

अवांतर: धाग्याचं नाव वाचून वाटलं एखाद्या बिल्डरबद्दल आहे. तोही कधी स्वतःच्या इमारतीत झोपत नाही.

ओसरी

@कटिंग_चहा :D

@शिस्तप्रिय, शेगाव माझ्या मापाने नापास होत नाही. मी माती की सिमेंट असं विचारलेलंच नाही. सामान्य माणसाच्या खोलीवर आणि त्याच्या संडासावर आधी खर्च झाला असेल तर मजले दहा असोत. गाडगेबाबांच्या धर्मशाळाही काही झोपड्या नव्हत्या, चांगल्या दगडी-विटांच्या पक्क्या इमारती होत्या. झोपडी फक्त त्यांची स्वतःची.

माझा राग वेगळ्यावर आहे. एका ठिकाणी (नाव घेत नाही, राज्यही सांगत नाही) देणगीदारांसाठी वातानुकूलित 'अतिथी कक्ष' फाटकाला लागून, आणि साध्या यात्रेकरूंची निवासव्यवस्था गोठ्यामागे, रात्री दिवा नाही, पाणी खालून बादलीने. पायऱ्यांवर दर पायरीला 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पाय ठेवायचा तर कुणाच्या तरी आजोबांच्या नावावर. तिथेही सभामंडपात मोठ्या अक्षरांत सेवा लिहिलेलंच होतं.

@वऱ्हाडी ठेचा, बा कुटीचा मुद्दा फार नेमका. आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या घरात, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. विनोबांचंही तेच की. वर्ध्याजवळच्या पवनारला १९३८ मध्ये तब्येत अगदी खालावलेली असताना आले, ते धाम नदीकाठच्या जमनालालजींच्या बंगल्यात. स्वतःसाठी बांधलं काहीच नाही.

कणकवलीकर

तुम्ही सगळे देशावरचे नि वऱ्हाडातले. आमच्या कोकणातला एक आश्रम सांगतो, कारण 'आधी काय बांधलं' या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर दुसरीकडे मिळायचं नाही.

कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम आहे, अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये सुरू केलेला. अप्पासाहेबांना कोकण गांधी म्हणतात. त्यांची खरी तपश्चर्या संडासात गेली. विनोद नाही. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितलं. सवर्ण कैद्याला ते द्यायचं नाही असा सरकारचा नियम. अप्पांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण धरलं. माणसाने संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपास केलेला माझ्या माहितीत दुसरा नाही.

बाहेर आल्यावर त्यांचं डोकं एकाच गोष्टीवर चालत राहिलं. डोक्यावरून मैला वाहायचं काम बंद करायचं तर 'वाहू नका' सांगून भागत नाही, वाहावंच लागणार नाही असा संडास बांधायला हवा. मैल्याचं खत जागच्या जागी होईल, घरच्या माणसाला स्वतः काढता येईल, पैसे फार लागणार नाहीत. गोपुरीत याचे प्रयोग झाले, गोबरगॅसचे झाले, मेलेल्या जनावराचं कातडं कमावायचं काम सवर्ण घरातल्या माणसांनी हाताने केलं. गावात त्यावरून काय काय बोललं गेलं असेल ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

देऊळ बांधायला वर्गणी मिळते हो. संडासाला वर्गणी मागून बघा.

वऱ्हाडी ठेचा

कणकवलीकर, एक नंबर प्रतिसाद. जिथे जाईन तिथे आता संडास आधी बघणार.

माजघर

या विषयावर लिहावं की नाही अशा विचारात होते. लिहिते.

आईच्या आजारपणात आम्ही परेलला टाटा रुग्णालयात खेटे घालत होतो. मुंबईत आमचं कुणी नाही. लॉजचं भाडं दोन आठवड्यांत जीव काढतं. कुणीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव सांगितलं. तिथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्यासोबतचे लोक राहतात, पैसे नावापुरते.

मला इमारतीतलं काय आठवतं, तर जिन्याचे कठडे आणि लांबच लांब वऱ्हांडा. वऱ्हांड्यात दोरीवर साड्या, लुंग्या, लहान मुलांचे टी-शर्ट. केस गेलेल्या बायका डोक्याला रुमाल बांधून दोरीखाली गप्पा मारत बसायच्या. त्यातली झारखंडची एक मुलगी मला विचारायची, आज काउंट किती आला? पांढऱ्या पेशींचा काउंट. तिथे सगळ्यांच्या तोंडी तेच, जसं बाजारात भाव विचारतात. मोठ्या हॉटेलच्या बंद दारांच्या खोलीत आईने मला विचारलं असतं, 'मी एकटीच अशी का?' इथे वऱ्हांड्यात आली की तिला समोर तिच्यासारख्या वीसजणी दिसायच्या. कुणाचे केस परत यायला लागलेले, ती मुद्दाम येऊन दाखवून जायची.

त्या वऱ्हांड्याची रुंदी कुणी आखली माहीत नाही. ती दोन हातांनी कमी असती तर तिथे कुणी बसलं नसतं, नुसते ये-जा करत राहिले असते.

गाडगेबाबांच्या मागे त्यांच्या मंडळींनी हे चालवलं आहे. बाबांच्या हयातीत जे. जे. रुग्णालयाच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली, कारण ही माणसं फुटपाथवर झोपायची. तीर्थाच्या गावी जसं बांधलं तसंच इस्पितळाच्या दारात. त्यांना या दोन्हीत फरक वाटला नसावा.

ओसरी

@माजघर, लिहिलंत ते फार बरं केलंत. आई आता कशा आहेत?

वऱ्हांड्याच्या रुंदीबद्दल: आपल्याकडे जुन्या धर्मशाळांत खोल्या लहान आणि ओवऱ्या मोठ्या असायच्या, ते काटकसरीपोटीही होतं. पण यात्रेकरू खोलीत फक्त सामान ठेवतो, राहतो ओवरीतच. स्वयंपाक, भजन, भांडण, सगळं तिथे. आताच्या भक्तनिवासांत नेमकं ते जातं. दोन्ही बाजूंना बंद दारं आणि मधे ट्यूबलाइटचा बोळ. सोय वाढली हे खरं, पण यात्रेकरूला यात्रेकरू भेटत नाही.

माजघर

आई छान आहे. काल मटार सोलत याच धाग्यातले प्रतिसाद ऐकत होती.

शिस्तप्रिय

माजघर, तुमच्या प्रतिसादाने माझा सूर जरा खाली आला. तरी एक विचारतो, वाद म्हणून नव्हे. सेवाग्रामची वास्तू आज जिवंत आहे की जपून ठेवलेली? धर्मशाळेत माणूस राहतो म्हणून ती धर्मशाळा. कुटीत दोरीपलीकडून वस्तू बघायच्या आणि बाहेर खादीभांडार करायचं, यात सेवा नेमकी कुठे राहिली?

वऱ्हाडी ठेचा

रास्त प्रश्न. दोन उत्तरं आहेत.

एक म्हणजे सेवाग्रामची सेवा कुटीतून बाहेर पडून रस्त्यापलीकडे गेली. बिर्लांनी बांधलेलं अतिथिगृह दवाखान्याला मिळालं, त्यातून कस्तुरबा रुग्णालय झालं, डॉ. सुशीला नय्यर यांनी ते वाढवलं, आणि १९६९ मध्ये तिथेच वैद्यकीय महाविद्यालय निघालं. पाहुण्यांच्या बंगल्याचं इस्पितळ झालं, यापरीस वास्तूचं भाग्य काय असतं राजेहो! वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडचा पेशंट आजही 'सेवाग्रामले नेतो' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात कुटी नसते, हे हॉस्पिटल असतं.

दुसरं, कुटी 'जपून ठेवलेली' आहे म्हणता, पण मातीचं घर फ्रेममध्ये ठेवता येत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, फुटके काढून नवे बसवायचे. पावसाच्या माऱ्याने भिंतीचा पाय झिजतो, तो पुन्हा लिंपायचा. जमीन शेणाने सारवायची. बांबूला टोका लागला की वासा बदलायचा. आमच्या गावात कवेलू फेरणारे एक काका होते, ते म्हणायचे, 'सिमेंटच्या घराले पैसा लागते, मातीच्या घराले माणूस लागते.' आता तो माणूसच भेटत नाही. हाताने थापलेले कवेलू बनवणारे कुंभारही गेले, सगळे टिनाकडे वळले. ही घरं टिकली आहेत ती कुणीतरी दर वर्षी हात लावतं म्हणून. ते हात पाटीवर नसतात.

पाणंद

उशिरा येतेय. पवनारचा उल्लेख झाला पण तिथल्या बायकांचा नाही झाला, तो राहायला नको.

विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं ते स्त्रियांसाठी. संन्यास, ब्रह्मचर्य, सामूहिक साधना हे आपल्याकडे पुरुषांच्या नावावर लिहिलेलं. मठात बाई आली तर ती स्वयंपाकघरात. इथे आश्रमच बायकांचा, आणि कारभार सर्वसंमतीने. एकीला जरी पटलं नाही तरी निर्णय थांबतो. शेती, स्वयंपाक, सफाई सगळ्याजणी वाटून करतात, छापखाना त्यांनीच चालवला. आत मोठेपणा दाखवणारी एकही इमारत नाही. ठळक आहेत त्या मूर्ती, जमीन खणताना सापडलेल्या. भरत-रामाच्या भेटीचं शिल्पही विनोबांना असं शेत खणतानाच मिळालं. देवासाठी देऊळ बांधायचा बेत नव्हता, देव मातीतून वर आला म्हणून त्याला जागा दिली.

खाली धाम नदीत गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ ला विसर्जित झाल्या. त्या दिवशी दरवर्षी तिथे मेळा भरतो.

तुकडोजी महाराजांचा विषय निघालाय तर मोझरीचंही सांगते. गुरुकुंज आश्रम १९३५ चा, अमरावती-नागपूर रस्त्यावर. प्रार्थना मंदिरात मूर्ती नाही. मोकळी जागा, समोर अधिष्ठान, सगळे एका पातळीवर खाली बसतात. मूर्ती नसल्याने गाभारा नाही, गाभारा नाही म्हणून आत कुणी जायचं आणि बाहेर कुणी थांबायचं हा प्रश्नच आला नाही. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथीला त्या मिनिटाला लाखोंचा समुदाय जिथल्या तिथे स्तब्ध होतो. इतकी माणसं मावतील अशी इमारत बांधायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही, आकाश आहेच.

शिस्तप्रिय

गाभारा नाही म्हणून भेद नाही, हे आवडलं. लिहून घेतो.

वर्ध्याचंच लक्ष्मीनारायण मंदिर मात्र गाभारा असूनही १९२८ मध्ये जमनालालजींनी सगळ्यांना खुलं केलं होतं. तेव्हा फक्त वास्तूला श्रेय देऊ नका, दार उघडणाराही लागतो.

ओसरी

मान्य. आणि या धाग्यात जमनालाल बजाज किती वेळा आले बघा. बंगला त्यांचा, बा कुटी त्यांनी बांधलेली, आखरी निवास त्यांच्यासाठी, देऊळ त्यांचं. साधेपणाचं नाव दुसऱ्यांचं झालं, जागा आणि पैसा मात्र या माणसाने पुरवला. त्यांच्यावर वेगळा धागा काढायला हवा. कोण काढतंय?

कटिंग_चहा

दिवाळीनंतर नागपूरला जायचं आहे, वर्धा करायचा विचार पक्का झाला. मार्ग सुचवा. मुक्काम कुठे?

वऱ्हाडी ठेचा

नागपूरहून रस्त्याने आलात तर आधी पवनार लागते, मग वर्धा. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर, ऑटो मिळतात. रेल्वेने येत असाल तर सेवाग्राम नावाचं वेगळं स्टेशन आहे, वर्धा जंक्शनशी गल्लत करू नका. सेवाग्रामला यात्री निवास आहे, आधी फोन करून विचारा. संध्याकाळची प्रार्थना उघड्यावर होते, १९३६ मध्ये गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळ, ती चुकवू नका. ऊन उतरल्याशिवाय मात्र बाहेर पडू नका, आमचं ऊन दिवाळीनंतरही लागते.

आणि वर्ध्यातच गोपुरीला (हे वेगळं, कणकवलीचं नव्हे) गीताई मंदिर बघा. १९८० मध्ये विनोबांच्या हस्ते उघडलं. गीताईचे अठरा अध्याय उभ्या दगडी शिळांवर कोरलेत, त्यांचीच रांग म्हणजे मंदिर. भिंती नाहीत, छप्पर नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही.

ओसरीताई, इथे झोपायलाच जागा नाही. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय करायचं?

ओसरी

पावसात भिजत वाचायचं. :)

मोझरी त्याच फेरीत होईल का? अमरावतीत गाडगेनगरला बाबांची समाधीही बघायची आहे. सकाळी वर्ध्याहून निघून संध्याकाळपर्यंत दोन्ही जमेल, की घाई होईल?

वऱ्हाडी ठेचा

जमते. आधी मोझरी, मग अमरावती. मोझरीत मात्र सकाळच्या ध्यानाला किंवा संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबायचं असेल तर तिथेच रात्र काढा. दुपारी पोहोचलात तर नुसती इमारत दिसेल.